बागेतले नळ आणि मातीखालची लाइन

बाहेरच्या नळांसाठी जमिनीतून लाइन टाकायची असेल तर माझं म्हणणं एवढंच आहे की मातीखाली जोड ठेवू नका. पाइप कुठला, किती खोल, किती खर्च हे सगळं नंतर बघता येतं, आधी हे पक्कं करा की जमिनीत जे जाईल ते सलग जाईल आणि टी (तीन तोंडांचा जोड), एल्बो (वळणाचा जोड), व्हॉल्व्ह जे काही जोडायचंय ते झाकण उचललं की हाताला लागेल अशा जागी असेल. आणि हे मी इंदूरात राहून सांगतेय म्हणून जास्तच ठासून सांगतेय, कारण आपली माती काळी आहे आणि ही माती जागेवर बसत नाही.

माळव्यातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही म्हणा, पण पुण्या-मुंबईचे नातेवाईक वाचतात म्हणून सांगते. मे महिन्यात आमच्या मागच्या अंगणात इतक्या भेगा पडतात की त्यात मुलांचे चेंडू जातात, आणि जुलैत तीच माती फुगून सगळ्या भेगा बंद. बेसॉल्टचा खडक झिजून ही माती झालीय, तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब होतात, पाणी गेलं की पुन्हा जवळ येतात. म्हणून इथल्या कंपाउंड वॉलला तिरके तडे जातात, फरशा उचलतात, गेट एका ऋतूत लागतं आणि दुसऱ्यात लागत नाही. आता अशा मातीत तुम्ही सोल्यूशन लावून चिकटवलेला कडक पाइप पुरला तर दर वर्षी माती त्याला एकदा वर ढकलणार आणि एकदा खाली सोडणार, पाइप थोडाफार वाकेल पण एल्बो वाकत नाही, तो चिरतो. त्यात गंमत अशी की काळ्या मातीतली गळती वर दिसतच नाही कारण पाणी भेगांतून खाली निघून जातं. समोरच्या काकांकडे कित्येक महिने रात्रीतून टाकी अर्धी व्हायची आणि सगळे फ्लशवर संशय घेत बसले होते. शेवटी ओट्याच्या कडेची जमीन फुगून ओटाच तिरका झाला तेव्हा कळलं.

तर आमचं काम असं होतं. प्लॉट लांबट, पुढे गेट, बाजूला बोळ आणि मागे आंबा, चिक्कू, सीताफळ, आईंची फुलझाडं. बाहेर नळ एकच, तोही पुढे, आणि मागच्या झाडांना पाणी द्यायचं म्हणजे ती लांबच लांब रबरी नळी बोळातून ओढत न्यायची, मध्ये कुठेतरी मुरड पडली की परत मागे यायचं. आम्हाला तीन नळ हवे होते, एक गेटजवळ गाडी धुवायला, एक बोळात कपड्यांच्या मोरीपाशी आणि एक पार मागे आंब्याजवळ. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत खालचं अंतर सुमारे ३५ मीटर.

धाकटे दीर मिनेसोटाला असतात, त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, पाच फूट तरी खणा बरं का!" तिकडे खरंच तसं आहे, थंडीत जमीनच गोठते, मिनेसोटात घराच्या पायासाठी सुद्धा नियमाने ४२ इंच आणि उत्तरेकडच्या भागात ६० इंच खोली धरतात, मग पाण्याचा पाइप त्याच्या वर ठेवून कसं चालेल, आतलं पाणी गोठून फुगलं की पाइप फुटलाच. त्यांच्या अंगणातल्या नळाची रचना मला फार आवडली. वर नुसता दांडा आणि तोंड दिसतं, खरा व्हॉल्व्ह गोठणाऱ्या थराच्या खाली असतो, आणि दांडा बंद केला की उभ्या नळीत अडकलेलं पाणी खालच्या बारीक भोकातून खडीत निचरून जातं, म्हणजे गोठायला वर पाणीच उरत नाही. हुशारी आहे. पण आपल्याकडे जमीन गोठत नाही, त्यामुळे ती खोली आणि तो महागडा नळ दोन्ही आपल्याला नकोत. आपल्याकडे खोली ठरते ती कुदळीवरून, गाडीच्या चाकावरून आणि मातीच्या वरच्या थरावरून, कारण सगळ्यात जास्त हालतो तो वरचाच थर. बागेत दीड फूट आणि गाडी जिथून जाते तिथे दोन फूट, एवढं आम्ही ठरवलं.

पाणी कुठून घ्यायचं यावर घरात बराच खल झाला. बाबांचं म्हणणं नर्मदेच्या लाइनलाच एक टी मारून टाकू, प्रेशर चांगलं असतं. मी नाही म्हटलं. एक तर नर्मदा १९७८ मध्ये इंदूरला आली ती जलूदहून, जवळजवळ ७० किलोमीटर लांबून आणि पाचशे मीटरहून जास्त उंच चढवून, त्या पाण्याने गाडी धुवायची म्हणजे जिवावर येतं. पण खरं कारण वेगळं होतं. आपल्याकडे पुरवठा एक दिवसाआड, म्हणजे बाकीचा वेळ लाइन रिकामी असते, आणि रिकाम्या होणाऱ्या लाइनमध्ये ओढ असते. बागेतल्या नळाला लावलेली नळी खताच्या बादलीत किंवा आळ्यातल्या गढूळ पाण्यात पडलेली असेल आणि नळ उघडा राहिला असेल तर ते पाणी उलटं आत जातं, आणि मग आपल्याच नाही तर शेजाऱ्यांच्याही माठात. बाबांना हे पटलं, ते म्हणाले "मग बोअरचंच घ्या". गच्चीवर बोअरची टाकी वेगळी आहेच, तिच्यातूनच बागेची लाइन काढली, सुरुवातीलाच उघडबंद करायला बॉल व्हॉल्व्ह आणि पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावला. हे दोन्ही गच्चीवर, उन्हापासून झाकलेले.

आता प्रेशर. गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर म्हणजे नुसती उंची, १० मीटर उंचीला साधारण एक किलो (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर). आमच्या टाकीचा तळ जमिनीपासून २४ फुटांवर आणि नळ जमिनीपासून दोन फूट, म्हणजे हातात २२ फूट, ६.७ मीटर, पाऊण किलोही नाही. एवढ्याशा भांडवलावर ३५ मीटर लांब जायचं तर पाइपच्या आत घासण्यात किती जातं ते बघावंच लागतं. प्लंबर म्हणाला, "भाभीजी, आधा इंच बहुत है, नल भी तो आधे का ही है." नळ अर्ध्याचा असतो हे खरं, पण नळ दोन इंच लांब असतो आणि पाइप ३५ मीटर! मिनिटाला २० लिटर पाणी हवं असेल, म्हणजे १५ लिटरची बादली ४५ सेकंदात, तर साधारण एक इंची पाइपमध्ये ३५ मीटरला पाऊण मीटरहून कमी उंची खर्च होते. तेच अर्ध्या इंचात टाकायला गेलं तर साडेसात मीटर लागतात आणि आमच्याकडे आहेत ६.७. म्हणजे ते पाणी येणारच नाही, बारीक धार येईल आणि दोष टाकीला लागेल. व्यास दुप्पट केला की त्याच उंचीवर पाणी दुप्पट न येता जवळजवळ सहापट येतं, हे एकदा कागदावर मांडलं की वाद संपतो. बरं, लाइन एक इंचाची आणि शेवटचा चढता तुकडा पाऊण इंची, तोंड अर्ध्याचं, हे चालतं.

मग पाइप. इथेच सगळी भांडणं होतात. दुकानात जाऊन "पाइप द्या" म्हटलं की पांढरा यूपीव्हीसी पुढे येतो आणि तो वाईट नाही, घराच्या भिंतीतून, शाफ्टमधून न्यायला छानच. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी, बागेत त्याचे पैसे का घालायचे. लोखंडी जीआय आमच्या जुन्या लाइनचा होता आणि उकरून काढला तेव्हा बाहेरून पापुद्रे निघत होते, ओल्या काळ्या मातीत तो टिकत नाही. पण यूपीव्हीसी लांबीला मिळतो तीन मीटर किंवा सहा मीटर, म्हणजे ३५ मीटरमध्ये सरळ जातानाच पाच ते अकरा जोड, वळणांचे वेगळे. काळ्या मातीत. मला ते नको होतं. म्हणून काळा एचडीपीई घेतला, निळ्या रेघांचा, गुंडाळीत येतो तो, ३२ मिमी. यात एक लक्षात ठेवा की एचडीपीईचं माप बाहेरून असतं, ३२ चा पाइप भिंत सोडली की आतून साधारण एक इंच भरतो, २५ चा घेऊन आलात तर फसाल. पाइपवर आयएस ४९८४ छापलेलं बघा, आणि कापल्यावर आतून गुळगुळीत आणि एकसारखा काळा दिसला पाहिजे. भंगार प्लास्टिकचा पाइप राखाडी, खरबरीत असतो आणि स्वस्त असतो. इथल्या सियागंज बाजारात दोन्ही मिळतात, शेजारी शेजारी.

प्लंबरला एचडीपीई आवडत नव्हता. "भिया, ये तो खेत वालों का पाइप है" असं तो आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगत होता, मी ऐकत होते. बरोबर आहे त्याचं, शेतकरी हाच पाइप काळ्या मातीतून लांब लांब नेतात आणि त्यांना ह्या मातीचं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

खणायचं कधी हेही महत्त्वाचं आहे. मे मध्ये ही माती दगड, पहार आपटली तर ठिणगी निघेल, आणि ऑगस्टमध्ये ती फावड्याला इतकी चिकटते की एक घमेलं भरायला दहा मिनिटं. पाऊस संपून वाफसा आला की खणा, दिवाळीच्या आसपास, तेव्हा चर सरळ निघतो आणि कडाही ढासळत नाहीत. आम्ही तेव्हाच खणलं. खणायच्या आधी चुन्याने रेघ मारली, आंब्याच्या बुंध्यापासून लांब ठेवली कारण मोठ्या मुळ्या तोडून पाणी नेण्यात काय अर्थ आहे, आणि ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडून त्याची लाइन कुठून जाते ते आधी नक्की केलं. दोन ठिकाणी आडवं जावं लागत होतं, तिथे पाण्याचा पाइप ड्रेनेजच्या वरून नेला, मध्ये फूटभर अंतर ठेवून आणि त्या जागी बाहेरून एक जाड आवरणाचा पाइप घालून. खालून नेऊ नका, ड्रेनेज कधी ना कधी पाझरतंच. गेटजवळ गाडीच्या वाटेखाली तर दोन इंची जुन्या पाइपचं आवरण अख्ख्या रुंदीला घातलं, उद्या आतला बदलायचा झाला तर काँक्रीट न फोडता ओढून काढता येईल.

चर खणून झाला की खाली तीन-चार इंच वाळू. काळी माती परत टाकायची ती फक्त वरच्या सहा इंचात, गवतासाठी. पाइपच्या खाली, बाजूला आणि वर वाळू, त्याच्यावर बारीक मुरूम. यामुळे पाइप आणि फुगणारी माती यांच्यामध्ये एक मऊ थर राहतो, दगडाचं टोक टेकत नाही आणि माती हलली तरी वाळू सरकते. घुशी असतील तर मुरूम जरा दाबून भरा. वाळूचा खर्च प्लंबरला फालतू वाटला होता. मला तर वाटतं ह्या सगळ्या कामात पैसे घालायची जागा असेल तर हीच, वरचे नळ कधीही बदलता येतात.

पाइप टाकताना त्याची गुंडाळी आधी अंगणात उन्हात पसरून ठेवली, गरम झाला की नरम पडतो आणि गोल व्हायची सवय सोडतो. पण उन्हात तापलेला पाइप तसाच ताणून दोन्ही टोकं कसू नका. प्लास्टिक थंडीत आखडतं, ३५ मीटर पीव्हीसी २० अंशांत जवळजवळ पाच सेंटीमीटर, आणि एचडीपीई त्याच्या दुपटीपेक्षाही जास्त. गार पाणी आत गेलं की टोकं खेचली जाणार. म्हणून चरात तो थोडा नागमोडी सोडायचा, पाणी भरायचं, रात्रभर जमिनीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि मग सकाळी शेवटचं टोक कापून जोडायचं. कोपऱ्यावर एल्बो लावायचा मोह टाळा, मोठा गोल घेऊन वळवा. आम्ही बोळाच्या कोपऱ्यावर चर आतून गोलाकार खणला, त्यात तुळशीच्या जुन्या ओट्याची एक वीट गेली आणि आईंनी ती परत लावून घेतली.

तीन नळांपाशी तीन लहान चेंबर, दीड फुटाचे, विटांचे, तळाला सिमेंट न घालता खडी. पाइप खालून चेंबरमध्ये वर येतो, तिथे टी, तिथून नळाकडे एक फांदी आणि दुसरीकडून पुन्हा खाली. सगळे कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे न चिकटवता कसून बसवायचे जोड, चेंबरच्या आत. हे फिटिंग सोपे असतात पण घाई केली तर गळतात, टोक काटकोनात सरळ कापायचं, कड चाकूने तिरकी करायची नाहीतर आतलं रबर कापलं जातं, साबणाचं पाणी लावायचं आणि पाइप रबराच्या पुढे शेवटपर्यंत आत गेला की नाही यासाठी आधीच मार्करने खूण करायची. आमचा प्लंबर खूण करत नव्हता, मी करत होते. चेंबरमधून वर उभा तुकडा मात्र जीआयचा, कारण उन्हात प्लास्टिक उभं ठेवलं की काही वर्षांत ठिसूळ होतं आणि शिवाय नळीला हिसका बसला की सगळा जोर त्या उभ्या तुकड्यावर येतो, आणि आमच्याकडे नळीला हिसके देणारी दोन मुलं आहेत. बोळातला नळ भिंतीला क्लॅम्पने, बाकीचे दोन काँक्रीटच्या खांबांना. लोखंड मातीला कुठेही टेकत नाही हे बघितलं. आणखी एक, लोखंडी आट्याचा तुकडा साध्या प्लास्टिकच्या आतल्या आट्यात कसू नका, तो पाचरीसारखा आत शिरतो आणि फिटिंग उभं चिरतं, आत पितळ बसवलेलं फिटिंग मिळतं तेच घ्या.

शेवटच्या चेंबरमध्ये लाइनच्या टोकाला एक बॉल व्हॉल्व्ह आणि बूच. बोअरचं पाणी जड, त्यात बारीक रेतीही येते, ती सगळी खालच्या टोकाला साठते, अधूनमधून उघडून सोडून द्यायची. पुढेमागे ठिबक बसवायचं झालं तर तिथूनच निघेल.

टेस्टिंग चर उघडा असतानाच. नुसतं टाकीचं पाणी सोडून "देखो, कहीं नहीं टपक रहा" म्हणणं म्हणजे टेस्टिंग नाही, पाऊण किलोला काय गळणार. हाताने मारायचा टेस्टिंग पंप आणि प्रेशर दाखवणारं घड्याळ भाड्याने आणायला लावलं, आधी लाइनमधली हवा टोकाकडून सोडली आणि मग पाच किलोपर्यंत चढवलं. एचडीपीईमध्ये सुरुवातीला काटा थोडा उतरतो, घाबरू नका, पाइप स्वतःच किंचित ताणतो, पुन्हा चढवायचं आणि मग बघायचं. एका टीपाशी पाणी झिरपलं, ते चेंबरमध्येच होतं म्हणून बसल्या बसल्या कसलं. बुजवायच्या आधी चराचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत भिंतीपासून टेप धरलेला, नाहीतर फोटोत नुसता खड्डा दिसतो आणि नंतर काही कळत नाही. नकाशा मीटरच्या पेटीत आतून चिकटवलाय. पाइपच्या वर फूटभर माती भरल्यावर एक निळी पट्टी पसरली, पुढचा कुदळ मारणारा तिथे थांबेल.

नळांखाली दोन बाय दोनचा खड्डा करून खडी भरलीये, चिखल होत नाही आणि पाणी साचून डास होत नाहीत. उंचीबद्दल आईंनी बरोबर सांगितलं, मोरीपाशी बादली बसेल इतका वर, दोन फूट, आणि मागचा मात्र खाली कारण तिथे नळीच लावायचीये.

राहता राहिले नळ. नळीला आटे असलेले पितळेचे नळ सगळ्यात चांगले, आतलं वॉशर बदलता येतं, मागे आणि बोळात तेच लावले. गेटजवळ मात्र पांढरा प्लास्टिकचा पीटीएमटी नळ लावलाय, दिसायला काही खास नाही. पितळ रस्त्यावरून दिसलं की रात्रीत जातं, कॉलनीत बऱ्याच जणांचं गेलंय, एकाचा तर मीटरसकट.